ओहोटीच्या जोरावर निचरा

मालवण तालुक्यात कर्ली किंवा कालावलच्या खाडीकाठाने चालत गेलात, तर काही ठिकाणी एका बाजूला खारे पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मध्ये मातीचा बांध दिसेल. मोठ्या भरतीला खाडीचे पाणी शेताहून उंच असते! मग वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पडणारा पाऊस या शेतातून जातो कुठे?

खार जमिनीची माती गाळाची, चिकण. तिचे कण इतके बारीक, की पाणी अगदी सावकाश झिरपते. इंग्लंडमध्ये १८४० नंतर अशा जड जमिनीत भाजक्या मातीचे नळ पुरण्याची पद्धत पसरली. पण नळातले पाणी पडायलाही सखल जागा हवी. खाडीकाठी ती दिवसातून साधारण दोनदाच मिळते : ओहोटीला.

कोकणातील शेतकऱ्यांनी नेमका याचाच उपयोग केला. त्यांनी बांधात झडपेचे दार बसवले. ही झाली उघाडी. गोव्यात तिला मानस म्हणतात. झडप फक्त खाडीकडे उघडते. भरतीचे पाणी तिला दाबून बंद करते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. ना इंजिन, ना इंधन. जाताना पावसाचे पाणी मातीतले मीठही धुऊन नेते. दार बंद असताना पाणी काही तास तुंबते, पण भात ते सोसतो.

मात्र स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. खेकडे बांध पोखरतात, लाटा माती नेतात. एक भगदाड पडले, की शेत खारवते. म्हणून खरा प्रश्न देखभालीचा. गोव्यात खाजणांचे बांध गावकरी संस्था सांभाळत. या संस्थांचे रिवाज अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ मध्ये लिहून काढले होते. पुढे मानशीवरील मासेमारीचा लिलाव होऊ लागला. त्या उत्पन्नाचा देखभालीला हातभार लागे. उत्तर कोकणात बांधबंदिस्ती करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाला जोळ म्हणत.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खार जमीन विकास कायदा. मोठे बांध शासकीय योजनेत आले. पैसा आणि तंत्रज्ञान मिळाले; पण भगदाड लहान असतानाच फावडे घेऊन धावणारा गाव हा कायद्याने निर्माण होत नाही. फुटक्या बांधाआड कांदळवन वाढले, तर ते तोडताही येत नाही; उच्च न्यायालयाने २००५ पासून त्याला संरक्षण दिले आहे. शिवाय समुद्राची पातळी वाढते आहे. ओहोटीचे पाणीही पूर्वीइतके उतरले नाही, तर दार उघडे राहण्याचा वेळ कमी होणार.

जवळपास उघाडी असेल, तर विद्यार्थ्यांसह सुरक्षित अंतरावरून ओहोटीची वेळ साधून पाहा. दार किती वेळ उघडे राहते, ते मोजा. आणि गावातल्या जाणत्यांना विचारा : बांध फुटला, तर पूर्वी पहिली हाक कोण देई? आज कोण देतो?