एचआयव्हीच्या उपचारानंतर उद्भवणारा ग्रेव्हज आजार

एचआयव्हीवरील औषधे, म्हणजे एआरटी, सुरू झाल्यावर काही महिन्यांत रक्तातील विषाणू दबतात आणि सीडी४ पेशी वाढू लागतात. वजन भरते, माणूस कामाला लागतो. मात्र दीड-दोन वर्षांनी मोजक्या रुग्णांचे वजन पुन्हा उतरते, हात थरथरतात, छातीत धडधडते, घाम सुटतो. औषधे लागू पडेनाशी झाली की क्षयरोग झाला, अशीच शंका आधी येते. तपासणीत विषाणू दबलेलेच असतात. बिघाड थायरॉइड ग्रंथीत सापडतो.

हा ग्रेव्हज आजार. यात शरीर स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती ग्रंथीला नष्ट करत नाहीत, उलट सतत चेतवत राहतात, म्हणून तिचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त स्रवते.

प्रतिकारशक्ती परतताना होणारा नेहमीचा त्रास वेगळा असतो. तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो: शरीरात दडलेल्या क्षयाच्या जंतूंवर सावरलेल्या पेशी तुटून पडतात, ताप येतो, गाठी सुजतात. ग्रेव्हज मात्र साधारण १ ते ३ वर्षांनी येतो. याचे कारण पेशी परतण्याच्या क्रमात असावे. आधी वाढतात त्या जुन्या, अनुभवी पेशी. थायमस ग्रंथीतून घडून येणाऱ्या नवख्या पेशी मागाहून येतात. स्वतःच्या शरीरावर उलटणाऱ्या पेशी गाळण्याचे काम थायमसचे, पण प्रौढ वयात ती आक्रसलेली असते. उपचाराआधी सीडी४ फार खाली गेलेल्यांत हा आजार अधिक दिसतो, तो यामुळेच असावा. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील अलेमटुझुमॅब हे औषध लिम्फोसाइट पेशी जवळजवळ रिकाम्या करते; त्या पुन्हा भरताना सुमारे एक तृतीयांश रुग्णांना थायरॉइडचा विकार होतो. तिथे एचआयव्हीचा संबंधही नसतो.

निदान तसे सोपे आहे, आठवण व्हायला हवी इतकेच: रक्तात टीएसएच अगदी कमी, टी४ किंवा टी३ जास्त आणि टीएसएच-ग्राहकाविरुद्धची प्रतिपिंडे. उपचारासाठी कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल देतात. धडधड कमी व्हावी म्हणून प्रोप्रॅनोलॉल, पण दमा असल्यास नाही. कार्बिमाझोलने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. झिडोव्हुडिन या एचआयव्हीवरील औषधानेही त्या घटू शकतात, म्हणून दोन्ही चालू असताना जास्त जपावे लागते. घसा दुखून ताप आला, तर कार्बिमाझोल थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे. एआरटी मात्र चालूच ठेवतात. ती बंद केली तर विषाणू काही आठवड्यांत पुन्हा डोके वर काढतात.