श्रीगोंद्यातून रंगमंचाकडे: संगीत विनोदी नाटकाची ऑडिशन नेमकी कशी होते?

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एक पोस्टर येतं. संगीत विनोदी नाटकासाठी कलाकार हवेत, गाता येणाऱ्यांना प्राधान्य, रविवारी सकाळी दहा वाजता. खाली नगरमधल्या एखाद्या शाळेच्या हॉलचा पत्ता. श्रीगोंद्यात बसून हे वाचणाऱ्याला पडणारा पहिला प्रश्न असा की, गाता येणं म्हणजे नेमकं किती? आणि दुसरा, जो कुणी मोठ्याने विचारत नाही: भूमिका आधीच वाटून झाल्यात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा 'थोड्याफार' असंच असतं. हौशी नाटक ओळखीपाळखीतून उभं राहतं. दिग्दर्शकाच्या डोक्यात दोन-तीन नावं पक्की असतात, कारण महिना-दीड महिना रोज संध्याकाळी तालमीला कोण येईल याची त्याला खात्री हवी असते. पण संगीत नाटकाचं गणित वेगळं आहे. गाणारा नट ओळखीत सापडेलच असं नाही. म्हणून अशा नाटकाची दारं बाहेरच्या माणसाला जरा जास्त उघडी असतात.

नाटक एक, नट दोन प्रकारचे

हे समजून घ्यायला गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' हे नाटक सगळ्यात सोयीचं. मूळ कल्पना आर्थर मर्फी या नाटककाराच्या इंग्रजी नाटकातली. देवलांनी ती आधी गद्यात आणली, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने. पुढे तिचंच संगीत नाटक झालं आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणलं. फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती, भादव्या, वैशाखशेठ अशी सगळी पात्रं महिन्यांच्या आणि नक्षत्रांच्या नावांची. एक तसबीर चुकीच्या हातात पडते आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय यायला लागतो.

यात गाण्याचा मोठा भार अश्विनशेठ आणि रेवती यांच्यावर आहे. हशा मात्र फाल्गुनरावाच्या खांद्यावर. बालगंधर्वांची रेवती जितकी गाजली, तितकाच गणपतराव बोडसांचा फाल्गुनरावही गाजला, आणि बोडसांची ओळख होती ती गद्य अभिनयासाठी. म्हणजे मराठीतल्या सर्वात लाडक्या संगीत विनोदी नाटकातही गायक नट आणि विनोदी नट ही दोन वेगळी माणसं होती.

ऑडिशनला जाणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. गळा साधारण असला म्हणून घरी बसायचं कारण नाही. उलट, फक्त गळा चांगला आहे म्हणून मुख्य भूमिका मिळेल अशी समजूतही करून घेऊ नये. दिग्दर्शक आलेल्या लोकांची मनातल्या मनात तीन ढीगांत विभागणी करत असतो: गाणारे, हसवणारे आणि दोन्ही थोडं थोडं जमणारे. तिसऱ्या ढीगातले लोक कोरसमध्ये आणि छोट्या भूमिकांत जातात, आणि नाटक खरं तर त्यांच्यावरच तोललेलं असतं.

पट्टी कोणती?

संगीत चाचणीची सुरुवात बहुतेक वेळा याच प्रश्नाने होते. पेटीवाला विचारतो, "कुठल्या पट्टीत गाता?" काळी एक, काळी दोन, पांढरी चार असं काहीतरी उत्तर अपेक्षित असतं. शास्त्रीय शिक्षण नसलेला माणूस इथे गोंधळतो. पण उत्तर माहीत नसेल तर तसं सांगावं, त्यात कमीपणा नाही. पेटीवाला दोन ओळी म्हणायला लावून मिनिटभरात पट्टी काढतो.

श्रीगोंद्याच्या बाजूने येणाऱ्यांचा गळा बहुतेकदा भजनात तयार झालेला असतो. हे संत शेख महंमदांचं गाव. 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या या संताचा मठ आणि समाधी श्रीगोंद्यातच आहे. भजनी मंडळं आणि हरिनाम सप्ताह तालुक्याच्या अंगवळणी पडलेले. भजनाने मिळणारी शिदोरी मोठी असते: आवाजात ताकद, तालाची पक्की जाण, शेकडो लोकांसमोर उभं राहण्याची सवय.

अडचण दुसरीकडे येते. भजनात एक ओळ पुन्हा पुन्हा घोळवली जाते, मागचे टाळकरी ती उचलून धरतात, आणि ऐकणाऱ्याला अभंग आधीच पाठ असतो. नाटकात प्रेक्षक ते पद कदाचित पहिल्यांदाच ऐकतो. विनोदी पद असेल तर त्यातला एक शब्द निसटला तरी हशा गेला. म्हणून परीक्षक सुरांआधी शब्द ऐकतात. ओळीच्या शेवटी श्वास संपून शेवटचं अक्षर गिळलं जातंय का, हे पाहतात. वारकरी चालीत वरच्या पट्टीत गायची सवय असलेल्याला खाली उतरून, बोलल्यासारखं गायला सांगतात. हा बदल पाच मिनिटांत जमत नाही. पण सांगितल्यावर माणूस प्रयत्न करतो की 'मला हेच येतं' म्हणून थांबतो, हे मात्र पाच मिनिटांत कळतं.

चाचणीला मोबाईलवरचा कराओके ट्रॅक लावून गाणं टाळलेलं बरं. ट्रॅक माणसासाठी थांबत नाही, पेटीवाला थांबतो. त्याच्यासोबत गाताना चूक झाली तर ती सावरता येते, आणि सावरून घेणं हाच तर नटाचा गुण.

हसवायचं कसं तपासतात?

विनोदाची चाचणी गाण्यापेक्षा अवघड, कारण रिकाम्या हॉलमध्ये सकाळी साडेदहाला कुणी हसत नाही. समोर चार-पाच माणसं वही घेऊन बसलेली. अशा वेळी बहुतेक जण आवाज चढवतात आणि हातवारे वाढवतात. परीक्षकांना नेमकं तेच नको असतं.

दिग्दर्शक बहुधा दोघांना समोरासमोर उभं करून एक प्रवेश वाचायला देतो. लक्ष बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याकडे असतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य घेतलं, तर टायमिंग गेलं. हशा आल्यावर किती थांबायचं, ज्याला नाटकवाले 'लाफ्टर घेणं' म्हणतात, ते वाचनात पूर्ण दिसत नाही. पण त्याचा अंदाज येतो.

खरं तर या बाबतीत नगर जिल्ह्याला बाहेरून काही शिकायची गरज नाही. तमाशातली बतावणी म्हणजे दोघांमधली टायमिंगची कसरतच. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात गाणं आणि विनोद एकमेकांना धरूनच चालतात. तमाशाच्या बोर्डावर स्त्री कलावंत म्हणून ज्यांचं नाव सुरुवातीलाच घेतलं जातं त्या पवळा हिवरगावकर संगमनेर तालुक्यातल्या. कांताबाई सातारकरांचा फडही संगमनेरचा. एकनाथांची भारुडं तर गावोगावी सोंगं घेऊन सादर होतात, आणि भारूड म्हणजे गाऊन सांगितलेला विनोदच. सप्ताहात ज्याने भारुडात एकदा सोंग घेतलंय त्याने ते ऑडिशनला बिनदिक्कत सांगावं. अनेक मुलं असा अनुभव 'नाटकातला नाही' म्हणून लपवतात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातलं बक्षीस पुढे करतात. उलटं करायला हवं.

शहरी नाटकानेही याच झऱ्यांचं पाणी घेतलंय. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं, तेव्हा त्यात कीर्तन होतं, लावणी होती, खेळ्यांची चाल होती. गात-नाचत उभ्या राहणाऱ्या ब्राह्मणांच्या रांगेलाच त्यात पडद्याचं काम दिलं होतं. कलाकार हौशी. दिग्दर्शक जब्बार पटेल पेशाने डॉक्टर, आणि त्यांचा दवाखाना श्रीगोंद्याच्या शेजारच्या दौंडमध्ये. याच चमूने पुढे स्थापन केलेल्या थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं. त्यात नंदू भेंडे यांच्यासारखा रॉक गाणारा गायक आणि नाट्यसंगीताच्या वळणाचे गळे एकाच रंगमंचावर होते. 'माझा आवाज नाटकाचा नाही' या वाक्यात फार दम नाही, तो असा.

एका कानाची गोष्ट

निवड होताना उणिवेकडे कसं पाहिलं जातं याचं मराठीतलं सर्वात प्रसिद्ध उदाहरण खुद्द बालगंधर्वांचं. तरुण नारायण राजहंसचा आवाज सगळ्यांना आवडला होता, पण कानाचा त्रास होता. ऐकू नीट येत नसेल तर संगीत नाटकात कसं चालायचं? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये पाठवलं. १९०५ मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

प्रत्येकाला शाहू महाराज भेटत नाहीत, हेही खरंच. तरी तोतरेपणा, चष्म्याशिवाय न दिसणं, गुडघ्याचं दुखणं अशी अडचण असेल तर ती चाचणीच्या वेळीच सांगितलेली बरी. तालमीत महिनाभराने कळली की दिग्दर्शकाच्या हातात काही उरत नाही.

श्रीगोंद्याची खरी अडचण: रात्रीची गाडी

गळा, टायमिंग, सगळं जमलं तरी एक प्रश्न उरतो आणि बहुतेक निवडी तिथेच फिसकटतात. श्रीगोंद्याहून नगर साधारण पन्नास-साठ किलोमीटर. हौशी तालमी नोकरदारांच्या सोयीने संध्याकाळी सुरू होतात आणि रात्री संपतात. परतीची एसटी मिळेल याची खात्री नसते. श्रीगोंदा रोड स्टेशन दौंड-मनमाड मार्गावर आहे, पण ते गावापासून लांब. शेवटी उरते दुचाकी.

त्यात हंगामाचा पेच. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी नाट्य स्पर्धा हे जिल्ह्यातल्या संस्थांचं वर्षातलं मोठं निमित्त. या स्पर्धेची साठी केव्हाच उलटली, आणि नगर हे तिच्या प्राथमिक फेरीचं एक केंद्र आहे. संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी भरते. हौशी स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुधा दिवाळीनंतर असते. नेमका तेव्हाच साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झालेला असतो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावरून रात्री अकराला दुचाकीवर घरी येणं, तेही रोज, महिनाभर. घरचे 'नको' म्हणतात तेव्हा त्यांचा राग नेहमी नाटकावर नसतो.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट होतो. संगीत नाटकाला गाणाऱ्या मुलींची गरज सर्वात जास्त, आणि गळती होते ती त्यांचीच. काही संस्था तालीम रविवारी दिवसभर ठेवतात, गाण्यांचा सराव फोनवर चाली पाठवून करून घेतात, सोडायला गाडी करतात. चाचणीच्या दिवशी हे थेट विचारावं. तालमीचे वार कोणते, किती वाजता सुटते, परत सोडायची व्यवस्था आहे का. हे विचारणाऱ्याला आगाऊ समजणाऱ्या संस्थेत पुढेही त्रासच व्हायचा.

पैशाचंही तसंच. हौशी नाटकात मानधन बहुधा नसतं, प्रवास आणि चहा पदरचा. काही संस्था सभासद वर्गणी घेतात, ती पावतीसह असेल तर गैर नाही. भूमिका पक्की करण्यासाठी रक्कम मागितली, किंवा 'पुढे मालिकेत काम देतो' असं सांगत पैशांचा विषय निघाला, तर तिथून उठावं.

गावातच का नाही?

हा प्रश्न नगरला खेपा घालून थकलेल्यांच्या मनात येतोच. त्यात तथ्य आहे. देवलांचं निधन १९१६ मध्ये झालं आणि भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे 'संशयकल्लोळ'ची मूळ संहिता वापरायला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. अलीकडच्या लेखकांच्या नाटकांसाठी मात्र बहुधा परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवात किंवा गावच्या यात्रेत प्रयोग लावायचा तर मंडप असतो, वीज असते, समोर गर्दीही असते. पेटी आणि मृदंग भजनी मंडळाकडे असतातच. उणीव असते ती संशयकल्लोळी फाल्गुनरावाची, आणि तो शोधायला एक रविवार आणि शाळेचा एक वर्ग पुरतो.

अशा वेळी ऑडिशन घेणाऱ्याने एक पथ्य पाळायचं. निकाल सगळ्यांना कळवायचा, न निवडलेल्यांनाही. छोट्या गावात नाकारलेला माणूस दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात भेटतो. त्याला राखीव नट म्हणून, प्रॉम्प्टिंगला किंवा कोरसला बोलावलं तर बहुतेक वेळा तो येतो. प्रयोगाच्या आदल्या दिवशी कुणाचा तरी घसा बसतो, तेव्हा सगळी पदं पाठ असलेला तोच एक असतो.