रुळांवरून आलेली आशा

गोंदियाजवळचे कामठा हे जुन्या जमीनदारीचे गाव. १८१८ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य डळमळू लागले, तेव्हा येथील चिमणा पटेलाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला, म्हणून इतिहासात या गावाचे नाव लागले आहे. पण आज आपण ऐकणार आहोत ती हकीकत गढ्यांची नाही की तलवारींची नाही. याच मुलुखातून धावणाऱ्या लोहमार्गावर ती सुरू होते आणि एका बाईच्या काळजात जाऊन पुरी होते.

साल १८९३. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीला गोंदियावरूनच जावे लागे. अशाच एका गाडीत नारायण वामन टिळक बसले होते. वय बत्तीसच्या आतबाहेर, संस्कृतात गती, कवितेचा नाद आणि मन अखंड अस्वस्थ. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक पाद्री होते. कवितेवरून बोलणे निघाले, ते धर्मावर आले. निरोप घेताना पाद्र्याने टिळकांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचायचे कबूल केले, आणि दिलेला शब्द पाळला. येशूचे डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनाला भिडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांना त्या दिवशी शांती लाभली असेल. पण त्याच दिवसाने त्यांच्या पत्नीचे आयुष्य उन्मळून टाकले, आणि आपल्या हकीकतीचे खरे मर्म येथेच आहे.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, माहेरच्या गोखले. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालेले. माहेरी सोवळ्याओवळ्याचा कडक कारभार. अपत्यवियोगाचे दुःखही त्यांनी सोसलेले होते. अशा बाईच्या कानी एके दिवशी पडते की, नवरा बाटला! वाचकहो, तो काळ जरा डोळ्यांपुढे आणा. नवरा मेला असता तर लोकांनी निदान सांत्वन केले असते, दहाव्या-तेराव्याला आप्त जमले असते. येथे नवरा जिवंत, कपाळी कुंकू कायम, आणि संसार मात्र संपलेला. या दुःखाला ना सुतक ना क्रियाकर्म. त्या दिवसांत त्यांचे मन ठिकाणावर राहिले नाही. लहानगा दत्तू पदरी होता आणि चार आप्त जीव लावणारे होते, म्हणून त्या तगल्या. भिकूताई या बहिणीबरोबर त्या काही काळ पंढरपुरासही राहिल्या.

पण त्या नुसत्या रडत बसल्या नाहीत. धड लिहिता न येणारी ही बाई त्या दुःखात ओव्या जुळवू लागली. मनातले ओझे शब्दांत उतरवण्याची ती वाट त्यांना कोणी शिकवली नव्हती.

पुढे टिळक-लक्ष्मीबाईंची पुन्हा गाठ पडली आणि नगरला संसार नव्याने मांडला गेला. पण कसा? नवरा ख्रिस्ती, आणि बायको आपले सोवळे सांभाळून वेगळी चूल पेटवणारी! टिळक स्वभावाने मोठे तापट. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. आणि लक्ष्मीबाईंनीही केवळ नवरा म्हणतो म्हणून मान तुकवली नाही. जातपात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घोळवला. एकदा उत्तर सापडल्यावर मात्र त्या मागे वळल्या नाहीत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांना जे दोन वर्षांत गवसले, त्यासाठी लक्ष्मीबाईंना पाच वर्षे आणखी लागली. पण जे गवसले ते त्यांचे स्वतःचे होते.

या श्रद्धेने त्यांचे दुःख पुसले का? नाही. ते पुसले गेले असे त्यांनी कधी म्हटलेही नाही. बदलले ते दुःखाकडे पाहणे. जी बाई सोवळ्यापायी पाणी वेगळे ठेवीत होती, तिच्या घरात परक्यांची मुले वाढू लागली. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याकडे राहिले, तेव्हा त्यांना तिने आईची माया दिली. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ गाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. त्या धक्क्याला वर्ष होते न होते तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळकांनी डोळे मिटले.

आता मात्र कुंकवाचाही आधार उरला नव्हता. पण चोवीस वर्षांपूर्वी कोसळलेली बाई या वेळी कोसळली नाही. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते. त्या 'ख्रिस्तायना'चे सुमारे अकरा अध्याय होऊन काम तसेच राहिले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि एक ना दोन, चौसष्ट अध्याय लिहून काढले! ज्या येशूने आपला नवरा हिरावला म्हणून त्यांनी एके काळी आकांत केला, त्याचीच कथा नवऱ्यामागे त्यांनी पुरी करीत आणली. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग बाहेर पडू लागले. त्यांत आपल्या फजितीवर त्या जितक्या मोकळेपणी हसतात, तितके हसणारे मराठीत फार थोडे. हे हसू रडून मोकळ्या झालेल्या माणसाचे आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या.

ख्रिस्ती असो वा नसो, ही हकीकत प्रत्येक घराच्या उपयोगी पडावी. खचलेल्या माणसाला 'देवावर भरवसा ठेव' असे सांगणे सोपे असते. लक्ष्मीबाईंना तसे सांगून काही झाले नसते. त्यांना वेळ मिळाला, जवळची माणसे मिळाली, प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली आणि शेवटी दुसऱ्यांसाठी करण्याजोगे काम मिळाले. श्रद्धा या सगळ्यांच्या जोडीने आली, म्हणून ती टिकली. आज मनाच्या दुखण्यावर वैद्यही आहेत; त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही.

ज्या घरातले माणूस वर्षभरात गेले, त्या घरी दिवाळीची कढई चढत नाही. शेजारपाजारचे लोक तेथे फराळाचे ताट पाठवतात. यंदा असे ताट घेऊन जाल तेव्हा उंबऱ्यावरूनच परतू नका. घटकाभर बसा. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल.