चाकाची धाव

कोल्हापूर भागात कारखान्याला ऊस नेणाऱ्या, रबरी चाकांच्या बैलगाडीला आपण टायरगाडी म्हणतो. त्याआधीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टा असे. त्याचे नाव धाव. लोहार ती तापवून चाकावर चढवी. पाणी ओतले की ती आवळून घट्ट बसे. इंग्रजीतले ‘टायर’ही मूळचे असेच लोखंडी. चाकाचा पेहराव, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, पण इंग्रजांनी नव्या वस्तूलाही जुनाच शब्द दिला. अरबांनीही आपला ‘इतार’, म्हणजे चौकट, कामाला लावला. आपण मात्र रबराबरोबर शब्दही बाहेरून आणला. मला त्या ‘टायर’चा राग नाही, हळहळ धावेची वाटते. क्रिकेटमध्ये ती आहे, चाकावर नाही. कुठे जुने चाक दिसले, तर मुलांना तेवढे नाव जरूर सांगा.