चौथऱ्यावर न चढलेले इंजिन

आवडी हे नाव मराठी कानाला आपलेच वाटते. चेन्नईच्या पश्चिमेच्या या गावी मी नोकरीसाठी आलो आणि इथलाच झालो. गाव रणगाड्यांचे. इथल्या कारखान्यात तयार झालेला विजयंता 1965 साली सैन्यात आला; आता निवृत्त विजयंते देशभर चौकाचौकांत चौथऱ्यांवर उभे दिसतात. रेल्वेनेही आपले म्हातारे जपले. 1855 साली लीड्समध्ये बांधलेले, अनेक दशके नुसतेच प्रदर्शनात उभे असलेले ईआयआर-21 हे इंजिन पेरांबूरच्या कारखान्याने पुन्हा चालते केले आणि 2010 मध्ये ते चेन्नई सेंट्रलहून धूर सोडत आवडीपर्यंत आले.

हे पाहताना मला आठवतो तो सोलापूरकडचा आमच्या गावचा रस्ता. खडी पसरलेली, वर मुरूम, मागून पाण्याचा टँकर, आणि त्यावरून पुढेमागे करणारा वाफेचा रोलर. पोरांच्या भाषेत ‘रूळ इंजिन’. रस्त्याच्या कामापुरता त्याचा मुक्काम गावाबाहेर असे. पहाटे ड्रायव्हर भट्टी पेटवी. वाफ धरायला दोन-तीन तास लागत. तोवर आम्ही शाळा विसरून बसलेले.

त्या रोलरचे आणि आवडीचे नाते मला फार उशिरा कळले. मूळ पुरुष म्हणजे पोर्टेबल इंजिन: चाकांवर बॉयलर, त्यावर सिलिंडर आणि भलेमोठे फिरते चाक. त्याला पट्टा लावून मळणी करायची, करवत चालवायची. पण ते स्वतः हलत नसे. शेतापर्यंत जनावरांनीच ओढायचे. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या थॉमस अ‍ॅव्हेलिंगला हा विनोद सहन झाला नाही. 1859 च्या सुमारास लिंकन शहरात बनलेल्या अशाच एका इंजिनाला त्याने साखळी जोडून मागची चाके फिरवली. पुढे त्याच्याच कारखान्याने जगभर रोलर पाठवले. पण वाफेच्या रोलरची एक आरंभीची रचना कलकत्ता नगरपालिकेचे अभियंते विल्यम क्लार्क यांनी बॅथो नावाच्या सहकाऱ्याबरोबर 1863 मध्येच केली होती. म्हणजे हे यंत्र आपल्याकडे नुसते विलायतेहून आले असे नाही. त्याची गरज आपल्या रस्त्यांनीही सांगितली होती.

आणि लिंकन? त्याच शहरात विल्यम फॉस्टर ही कंपनी मळणीयंत्रे आणि वाफेची इंजिने करी. 1915 मध्ये तिनेच ‘लिटल विली’ हा पहिला रणगाडा बांधला. तो आज बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. विजयंताचे गोत्र असे शेताच्या बांधावर जाते.

इंग्लंडातही ही इंजिने भंगारात चालली होती. 1950 मध्ये ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅपलफर्ड गावी आर्थर नॅपरने बिअरच्या पिंपाची पैज लावून दोन इंजिनांची शर्यत केली. त्या थट्टेतून त्यांना जपण्याची चळवळ उभी राहिली.

आपल्याकडे पैज कोण लावणार? तेव्हाच्या 1923 च्या बॉयलर कायद्याप्रमाणे प्रत्येक बॉयलरला नोंदणी क्रमांक, ठरलेल्या मुदतीने तपासणी, दाखला लागत असे. दाखला संपला की सरकारी दप्तरात ते यंत्र राहत नाही, वजन होते. रेल्वेला आपले म्हातारे ठेवायला शेड होती, संग्रहालय होते. रोलर मात्र बांधकामाच्या कोठारातला, फावड्या-घमेल्यांच्या यादीतला.

काही वर्षांपूर्वी गावी गेलो असताना एका कार्यालयाच्या आवारात, चिंचेखाली, एक रोलर दिसला. धुराडे गंजून वाकलेले, पुढच्या रुळात गवत. समोर पितळी बोधचिन्ह असते ती जागा रिकामी. स्क्रूची भोके तेवढी राहिली होती. फोटो काढायला म्हणून पुढच्या दिवाळीत कॅमेरा घेऊन गेलो, तर चिंचेखाली काळ्या तेलाचा डाग होता.

आतल्या कारकुनाला विचारले. त्याने वही उघडून बोट फिरवले.

“गेला की तो लिलावात. साडेनऊ टन भरला, साहेब.”