सान, सहाण, कुरुंद

लखनऊच्या चौकात ज्याला ‘सान’ म्हणतात, तिचं आपल्या देवघरातल्या सहाणेशी सख्खं नातं आहे. दोन्ही शब्द संस्कृत ‘शाण’च्याच घरचे. उत्तरेत या शब्दानं हत्यारांची संगत धरली, आपल्याकडे चंदनाची. धारेसाठी मराठीनं दुसरे शब्द ठेवले: निसणा, पाजवणं, कुरुंद. त्यातला ‘निसणा’ आता कोशातच भेटतो. ‘विळा पाजवून आण’ असं म्हणणारी माणसं मात्र खेड्यांत अजून आहेत. उर्दूत सान ‘धरतात’ किंवा ‘चढवतात’, आणि बुद्धी, जीभ, नजर यांपैकी काहीही सानेवर चढू शकतं. भाषांतर करताना हा वाक्प्रचार मला दर दोन-तीन महिन्यांनी अडवतो. ‘जीभ सहाणेवर चढवली’ असं लिहिलं, तर मराठी वाचकाला चंदनाचा वास येईल.

या शब्दांमागे मी लागले ती मात्र एका चाकूमुळे. माझा भाचा सह्याद्रीत भटकतो. त्यानं जाड पात्याचा, कार्बन पोलादाचा एक चाकू घेतला आहे. लाकूड फोडायला, दोर कापायला, तंबूच्या खुंट्या तासायला. त्याला धार लावण्यासाठी कुठला दगड घ्यावा, हे त्यानं मला विचारलं. ‘मावशी, तू तिथे जुन्या बाजारात फिरत असतेस, बघ ना.’ त्याच्या यादीत जपानी दगड होते, बेल्जियमचे होते, अमेरिकेतल्या आर्कान्साचे होते. हिंदुस्थानातला एकही नव्हता.

ही यादी पाहून मला थोरला प्लिनी आठवला. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या या रोमन लेखकानं आपल्या निसर्गेतिहासाच्या छत्तिसाव्या भागात धारेच्या दगडांची प्रतवारी लावली आहे. तेलावर चालणारे वेगळे, त्यांत क्रीटचे अव्वल. पाण्यावर चालणारे वेगळे, त्यांत नॅक्सॉसचे. शिवाय न्हाव्यांच्या दुकानातले, थुंकीवर चालणारे. दोन हजार वर्षांनंतरही तेल की पाणी हाच पहिला प्रश्न असतो. थुंकीचं काय झालं, ते विचारू नये.

लखनऊत हा धंदा तीन हातांत वाटलेला होता. न्हाव्याकडे सिल्ली, म्हणजे वस्तऱ्यासाठीचा गुळगुळीत सपाट दगड, आणि जोडीला चामड्याचा पट्टा. खाटकाच्या छुऱ्याला आणि बुगद्याला, कात्र्यांना आणि घरच्या चाकूंना फिरती सान. आणि तलवार-खंजिरांसाठी सिकलगर. अरबी ‘सैकल’ म्हणजे झिलई, त्यावरून आलेला हा शब्द. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात तो शिकलगार या आडनावात राहिला आहे. सिकलगर नुसती धार लावत नसे. पात्यावरचा गंज काढायचा, चकाकी आणायची, आणि उत्तम पोलाद असेल तर हिराकशीनं त्यातली लहरींची नक्षी वर आणायची. या नक्षीला उर्दूत ‘जौहर’ म्हणतात, आणि माणसातल्या गुणालाही जौहरच. म्हणजे गुण आत असतो, पण तो दिसण्यासाठी कुणीतरी घासावं लागतं. मराठीत हा श्लेष आणता येत नाही. मी तीन वेळा प्रयत्न करून सोडून दिला आहे.

अब्दुल हलीम शरर यांची लखनऊच्या गतवैभवावरची लेखमाला १९१३ पासून ‘दिलगुदाज’ मासिकात येऊ लागली. तिच्यात पटा, बिनौट आणि बांक या विद्यांची वर्णनं आहेत. बांक म्हणजे वाकड्या सुरीची लढत, जवळजवळ कुस्तीच्या अंगानं खेळायची. हत्यारं मिरवत हिंडणारे बांके हे या शहराचं एकेकाळचं खास पात्र. शरर लिहीत होते तेव्हा हे सगळं आठवणीत जमा झालं होतं. त्यांच्या हळहळीत नजाकत आहे. पण ती उस्तादांसाठी आहे. उस्तादाच्या पात्याला धार लावून देणाऱ्याचं पुढे काय झालं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

त्याचं काय झालं, याचा अंदाज सरकारी आकड्यांवरून येतो. १८५६ मध्ये कंपनीनं अवध खालसा केलं, १८५७ चा उठाव झाला, मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनऊ परत घेतलं आणि मग साऱ्या सुभ्यात नि:शस्त्रीकरण सुरू झालं. शेकडो गढ्या पाडल्या. तोफा आणि बंदुका तर जमा झाल्याच, पण जमा झालेल्या तलवारींचा आकडा पाच लाखांच्या वर होता. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं देशभर गुन्हा ठरलं. इतिहासाच्या पुस्तकांत हे राजकारण म्हणून येतं. पण पाच लाख तलवारी म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा सिकलगराच्या दारात येणारी पाच लाख कामं. एका पिढीत ती संपली. निळ्या-हिरव्या मिन्याच्या लखनवी मुठी संग्रहालयांत सुखरूप पोचल्या. सिकलगराला तशी जागा नव्हती. त्याच्यापुढे उरली कात्री, सुरी आणि भांडी.

आता दगडाकडे. लखनऊच्या आसपास गाळाचा सपाट प्रदेश आहे, दगड नाहीच. तो विंध्याकडून यायचा. चुनारचा वालुकाश्म, ज्याचे अशोकाचे स्तंभ घडले, तो गंगेच्या खोऱ्यात सर्वत्र गेला. त्यातले क्वार्ट्झचे कण लोखंड खातात, म्हणून तो धारेला चालतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात मोकळा क्वार्ट्झ जवळजवळ नसतो. पाट्या-वरवंट्याला तो उत्तम, धारेला सुमार. खरा मातबर कुरुंद. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा दहा, कुरुंद नऊ, क्वार्ट्झ सात. मिर्झापूरच्या दक्षिणेला, रेवा संस्थानातल्या पिप्रा इथे कुरुंदाचा साठा होता. आपल्या भंडारा जिल्ह्यातही पोहऱ्याच्या परिसरात तो सापडतो. त्याची भुकटी लाखेत घोळवून चाक करायचं आणि पट्ट्यानं फिरवायचं, ही या देशातली जुनी रीत. जवाहिऱ्याचं चाक तेच, सिकलगराचंही तेच.

हा शब्दही प्रवासाला निघाला. तमिळमधल्या ‘कुरुंदम्’वरून, संस्कृत ‘कुरुविंद’च्या नात्यातल्या शब्दावरून, युरोपीय खनिजशास्त्रानं ‘कोरंडम’ घेतला. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडावर निबंध मांडला. १८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन यांनी चिकणमाती आणि कोक विजेनं तापवून चमकदार, अतिकठीण स्फटिक मिळवले. हे कार्बन आणि कुरुंद यांचं संयुग असावं, अशा समजुतीनं त्यांनी नाव दिलं ‘कार्बोरंडम’. प्रत्यक्षात ते निघालं सिलिकॉन कार्बाइड. कुरुंदाचा त्यात अंशही नाही. नाव मात्र टिकलं. १९५४ मध्ये मद्रासला ‘कार्बोरंडम युनिव्हर्सल’ ही कंपनी निघाली आणि तमिळ शब्द परदेशी पोशाखात तमिळ मुलखात परतला. चुकीच्या भाषांतराला इतकं दीर्घ आयुष्य मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. धंद्याच्या दृष्टीनं थोडा हेवाही वाटतो.

भाच्याला मी काय कळवलं, ते सांगते. चाकू फिरत्या सानेवर द्यायचा नाही. कोरड्या चाकावर पात्याची कड क्षणात तापते. असल्या पोलादाला साधारण दोनशे अंशांवर पाणी दिलेलं असतं. कड निळी पडली म्हणजे ती तीनशेच्या आसपास गेली, आणि तेवढा भाग मऊ झाला. खाटकाला याची फिकीर नसते, त्याची सुरी आठवड्यात पुन्हा सानेवर जाते. डोंगरात ते शक्य नाही. दोन बाजूंचा सपाट दगड घ्यावा, एक बाजू चारशेची, दुसरी हजाराची. पाण्यावर चालणारा घ्यावा, कारण ओढ्याकाठी पाणी मिळतं, तेल बरोबर न्यावं लागतं. जपानचा आठ हजारी दगड वस्तऱ्याला किंवा मासे चिरणाऱ्या आचाऱ्याला ठीक. खुंट्या तासणाऱ्या कडेला ती चैन आहे. कोन प्रत्येक बाजूनं वीस ते पंचवीस अंश. आर्कान्साचा नोव्हाक्युलाइट देखणा असतो, पण तो शेवटी सिलिकाच, कुरुंदापेक्षा मऊ, आणि सावकाश काम करतो.

नक्खासच्या रविवारच्या बाजारात मला एक जुनी सिल्ली मिळाली. मधोमध खोलगट झालेली. कुणा न्हाव्याच्या हाताची इतकी वर्षं तिथे उतरली आहेत. चाकूला ती निरुपयोगी, कारण खोलगट दगडावर कोन राहत नाही. ती मी ठेवून घेतली. भाच्यासाठी नवा घेतला, कृत्रिम कुरुंदाचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा. दुकानदार त्याला ‘कार्बोरंडम’ म्हणत होता.

बकरीदच्या आधीचे आठ-दहा दिवस जुन्या शहरात सायकलवाले सानवाले अजून दिसतात. सायकल स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचं, पुढचं छोटं चाक फिरू लागतं. चाक कारखान्यातलं असतं, लाखेचं नाही. ठिणग्या पाहायला पोरं जमतात. एरवी वर्षभर हीच माणसं प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात.