काडी, चिठ्ठी आणि हार्ड डिस्क

डहाणूहून किनाऱ्याने घोलवडकडे निघाले की वाटेत चिखले लागते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या, आणि आत सरकत गेले की वारल्यांचे पाडे. वारली लग्नाची शुद्धाशुद्धता ठरवायला तिथे पोथी नसते. सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते आणि धवलेरी गाणी म्हणत लग्न लावते. धवलेरी ही विवाहसंस्कार करणारी स्त्री. तिचा सारा विधी मुखोद्गत. लग्न झाले याचा पुरावा काय, असे विचारले तर उत्तर एकच मिळेल : धवलेरीने लावले आणि पाड्याने पाहिले. कायद्यानेही हे वेगळेपण मान्य केले आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम 2(2) अनुसूचित जमातींना त्या कायद्यातून वगळते. केंद्र सरकारने अधिसूचना काढली तरच तो त्यांना लागू होतो. वाद न्यायालयात गेलाच तर तिथे रूढी सिद्ध करावी लागते.

आम्हांला या गावाची आठवण झाली ती एका अगदी वेगळ्या विषयाच्या निमित्ताने. घटस्फोटाच्या दाव्यांत आज संगणक आणि मोबाइल यांची न्यायवैद्यक तपासणी होते. पुसलेले निरोप परत मिळवले जातात, छायाचित्र केव्हा काढले हे शोधले जाते, कोण कुठे होते याचा माग काढला जातो. हे सारे कालपरवाचे वाटते. परंतु विवाह मोडताना पुरावा कशाला म्हणायचे हा प्रश्न जुना आहे आणि त्याचा इतिहास आपल्या भाषेतच साठून राहिला आहे. प्रस्तुत लेखात तो इतिहास थोडक्यात पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

मराठीत या घटनेला निदान चार शब्द आहेत. काडीमोड : पंचांसमक्ष काडी मोडायची. पुरावा म्हणजे कृती, आणि ती पाहणारे डोळे. सोडचिठ्ठी : इथे डोळ्यांच्या जागी कागद आला. स्त्रीला पुन्हा पाट लावायचा तर तो कागद तिच्या हाती असणे महत्त्वाचे. फारकत : हा शब्द फारसी दफ्तरातून आला, मुळात हिशेब चुकता झाल्याची, मोकळीक दिल्याची लेखी खूण. आणि चौथा, आजचा प्रतिष्ठित शब्द घटस्फोट. धर्मशास्त्रात त्याचा संबंध नवराबायकोशी नव्हताच. पतित झालेल्या माणसाच्या नावाने आप्तांनी घट लवंडायचा आणि तो मेला असे समजायचे, असा तो बहिष्काराचा विधी. पुढे शब्द राहिला, घट गेला. कृती, कागद, हिशेब आणि बहिष्कार ही चारही सूत्रे आजच्या कौटुंबिक न्यायालयात एकत्र नांदताना दिसतात.

ब्रिटिश अमलाच्या आरंभी आर्थर स्टीलने दख्खनमधील जातींच्या चालीरीतींचे संकलन केले. ते 1827 साली प्रसिद्ध झाले. तोवर पंचांच्या स्मरणात असलेला व्यवहार प्रथमच छापील पानावर आला. त्याबरोबर निर्णयाचे स्थानही हलले. 1876 साली मुंबई उच्च न्यायालयाने असे ठरवले की, विवाह रद्द ठरवण्याचा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. काडी मोडली तरी ती आता कोर्टाच्या दृष्टीने मोडलेली असावी लागे. 1947 साली मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोटाचा कायदा केला, 1955 साली देशव्यापी कायदा आला, आणि साक्षीपुराव्याची लढाई पूर्णपणे न्यायालयाच्या अंगणात आली.

कागद आला म्हणजे न्याय आला, असे मात्र नाही. डहाणू-तलासरीच्या वारल्यांना हे इतरांपेक्षा लवकर समजले होते. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचे, आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा कधीच नाही, नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. 1945 पासून किसान सभेच्या लढ्याने ही प्रथा मोडून काढली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ नोंदलेला आहे. अक्षर न जाणणाऱ्या माणसाच्या डोक्यावर हिशेबाची वही असली, तर वहीत काय आहे यापेक्षा ती कुणाच्या कपाटात आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते. वाचकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता पुण्याकडे वळू. विवाहविषयक पुराव्याच्या इतिहासात 1975 सालचा दास्ताने खटला मैलाचा दगड मानला जातो आणि तो एका मराठी, सुशिक्षित, पत्रे लिहिणाऱ्या कुटुंबाचा आहे. विवाह 1956 साली पुण्यात झाला. दावा 1962 साली पुण्याच्या न्यायालयात दाखल झाला आणि सर्वोच्च न्यायालयात तेरा वर्षांनी संपला. निकाल लिहिला न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी. या खटल्याच्या पुराव्यात पत्रांचे स्थान मोठे होते : पतिपत्नींची, आप्तांची, अधिकाऱ्यांना लिहिलेली. ती कुणी लिहिली याचबरोबर ती कोणत्या क्रमाने, कोणत्या मनःस्थितीत लिहिली आणि त्यांतून काय सिद्ध होते, हे प्रश्न निर्णायक होते.

या निकालाने दोन गोष्टी स्थिर केल्या. पहिली, विवाहविषयक दाव्यात आरोप फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करावा लागत नाही. शक्याशक्यतेचे पारडे कुणीकडे झुकते एवढे पाहायचे. दुसरी अधिक सूक्ष्म. पत्नीचे वर्तन क्रूरतेच्या व्याख्येत बसते असे न्यायालयाने मानले आणि तरीही पतीची मागणी फेटाळली. कारण त्या वर्तनानंतरही उभयतांचे सहजीवन चालू राहिले होते. कायद्याच्या भाषेत पतीने क्षमा केली होती. क्षमेचा मुद्दा पक्षकारांनी रीतसर मांडलेला नसला तरी तो तपासणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असेही निकालात म्हटले आहे. मात्र ही क्षमा सशर्त असते. पुढे पुन्हा तसेच वर्तन घडले तर माफ केलेला दोष जिवंत होतो.

पत्रानंतर आवाजाची पाळी आली. ध्वनिफितीचे दोन महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातीलच प्रकरणांत लागले; एक 1967 सालचा, दुसरा 1972 सालचा. दोन्ही लाचखोरीचे होते, परंतु त्यांतील तत्त्वे कुटुंबाच्या उंबरठ्याच्या आत आली. आवाज ओळखता आला पाहिजे, फितीत फेरफार झालेला नसावा आणि संभाषण वादाशी संबद्ध असावे. शिवाय 1972 च्या निकालाने सांगितले की, पुरावा गैरमार्गाने मिळवला एवढ्याच कारणाने तो त्याज्य ठरत नाही. 1976 च्या दुरुस्तीने क्रूरता हे थेट घटस्फोटाचे कारण झाले. क्रूरता चार भिंतींच्या आड घडते, तिला साक्षीदार नसतात. मग भिंतीलाच कान लावण्याचा मोह होणे ओघाने आले.

संगणकाने त्या भिंतीला स्मृतीही दिली. तपासणीची रीत समजून घेण्याजोगी आहे. तज्ज्ञ मूळ हार्ड डिस्क उघडून वाचत बसत नाही. वाचण्यानेही तिच्यातील नोंदी बदलू शकतात. तो आधी तिच्यावर लेखनबंदी करणारे उपकरण जोडतो आणि बिटमागून बिट अशी तंतोतंत प्रत काढतो. मग मूळ आणि प्रत या दोहोंचा ‘हॅश’ काढला जातो. सगळ्या मजकुरावर गणिती प्रक्रिया करून मिळणारी ही ठरावीक लांबीची खूण. एक स्वल्पविराम बदलला तरी ती पार वेगळी येते. दोन्ही खुणा जुळल्या तर प्रत विश्वसनीय. पुसलेला मजकूर सापडतो, कारण जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ‘पुसणे’ म्हणजे अनुक्रमणिकेतील नाव काढणे. पान तिथेच असते, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. आजच्या फोनमधील कूटबद्ध साठवणीत हे नेहमी साधत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसेल. भांडारकर संस्थेत 1919 पासून 1966 पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा हस्तलिखिते ताडून प्रक्षिप्त भाग वेगळा काढण्याचेच काम चालले होते. पाठचिकित्सा आणि संगणकीय न्यायवैद्यक या सख्ख्या बहिणी नव्हेत, पण आतेमामे बहिणी खचित आहेत. दोघींची मर्यादाही सारखीच : पाठ निश्चित झाला म्हणजे अर्थ लागला असे नाही.

कायद्याने पाठनिश्चितीची बाजू हळूहळू पक्की केली. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा कायद्यात 65-ब हे प्रमाणपत्राचे कलम आणले. ते अनिवार्य आहे की नाही यावर 2005 आणि 2014 साली परस्परविरुद्ध निर्णय झाले, आणि वाद मिटला तो जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून. अर्जुन खोतकर यांच्या खटल्यात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर प्रमाणपत्र हवेच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने पुढची पायरी गाठली : प्रमाणपत्राचे दोन भाग, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅशची नोंद. कौटुंबिक न्यायालयाला मात्र 1984 च्या कायद्याच्या कलम 14 ने मुळातच सैल हात दिला आहे. वाद सोडवायला उपयोगी वाटेल ते, एरवी ग्राह्य नसले तरी, त्याला पाहता येते.

पतिपत्नींमधील बोलणे गुप्त राहावे असा संकेत पुरावा कायद्यात जुनाच होता, परंतु त्याला अपवादही जुनाच : ती दोघेच एकमेकांविरुद्ध उभी असतील तर नाही. याच अपवादाच्या आधारे 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्नीच्या नकळत पतीने ध्वनिमुद्रित केलेले संभाषण ग्राह्य धरले. जोडीदारावर पाळत ठेवावी लागते हेच नाते मोडल्याचे लक्षण आहे, ते मोडण्याचे कारण नव्हे, असा न्यायालयाचा विचार. तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. छळ सोसणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या फोनमधील धमकीचे निरोप हा कित्येकदा एकमेव साक्षीदार असतो, हेही आम्ही विसरत नाही.

तरीही दोन शंका उरतात. पहिली कपाटाची. घरातला संगणक कुणाच्या नावावर, फोनचा परवलीचा शब्द कुणाला ठाऊक, तज्ज्ञाची फी कुणाला परवडते? पुरावा दोघांच्या आयुष्याचा असतो, पण तो निवडून मांडतो तो ज्याच्या हाती यंत्र आहे तो. हॅश एवढेच सांगतो की या संभाषणात फेरफार नाही. त्याच्या आधीच्या संध्याकाळी काय घडले आणि ते कुणी मुद्रित केले नाही, हे तो सांगत नाही.

दुसरी शंका क्षमेची. दास्ताने खटल्यात न्यायालयाला क्षमा दिसली ती कागदाच्या बाहेर, दोघांच्या पुढच्या राहण्यात. संसारात माणसे बोललेले गिळतात, निरोप पुसून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी चहा ठेवतात. पुसणे ही कधी पुरावा नष्ट करण्याची युक्ती असते, तर कधी समेटाची रीत. यंत्राला दोन्ही पुसणी सारखीच. ते परत आणते तो मजकूर, त्यावर मध्यंतरी पडलेला पडदा नव्हे. क्षमा तपासण्याचे कर्तव्य कायद्याच्या कलम 23 ने न्यायालयावर आजही ठेवले आहे. परत मिळवलेल्या हजारो निरोपांच्या ढिगाऱ्यात त्याचे विस्मरण होऊ नये एवढेच आमचे म्हणणे.

चिखल्याच्या धवलेरीची स्मृती आदर्श आहे असे आम्ही मानत नाही. पाड्याचे डोळेही पक्षपाती असतात, आणि पंचांनी स्त्रियांवर केलेले अन्याय थोडे नाहीत. पण काडी मोडताना पाहणारे लोक ते लग्नही पाहिलेले असत. ती जोडलेली असताना कशी होती, याची साक्ष त्यांच्यापाशी असे. हार्ड डिस्कपाशी ती नसते. ती न्यायाधीशाने आणि आपण वाचकांनी निरोपांच्या ओळींमधून शोधायची असते, आणि त्यासाठी अजून तरी वाचनावाचून दुसरे साधन नाही.